औषधाचे आयुष्य



इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे राजे, किल्ले आणि लढाया डोळ्यांसमोर येतात. आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे ती वस्तू आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात, ताकावर, डब्यात किंवा देवाच्या फोटोमागे पडलेली असते. औषधाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत एक महिना आणि एक वर्ष छापलेले असते. ती तारीख कोठून आली, कोणी ठरविली, आणि कामठ्यासारख्या गावात तिचा अर्थ काय, एवढाच माझा विषय. मी रसायनशास्त्र शिकलेलो नाही. माझी शाळा आठवीत सुटली आणि पुढची तीस वर्षे विडीकामगारांच्या संघात गेली. जे शिकलो ते वाचनालयात बसून आणि जाणत्यांना विचारून शिकलो. विचारावयास कारण घडले ते आधी सांगतो, कारण त्यात चूक माझी होती.

सन २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या संघातील एका विडीकामगार बाईंना क्षयाचे औषध सुरू झाले. चार औषधे एकाच गोळीत असलेली ती विटकरी रंगाची गोळी, वजनाप्रमाणे रोज ठराविक संख्येने घ्यावयाची. बाईंना वाचता येत नव्हते. रोज किती घ्यावयाच्या याचा घोळ होऊ नये म्हणून मी मोठ्या हौसेने पाकिटे फाडली, गोळ्या मोकळ्या केल्या, कागदाच्या पुड्या बांधल्या आणि त्या एका पत्र्याच्या डब्यात भरून दिल्या. सोमवारची पुडी, मंगळवारची पुडी. मला वाटले, केवढी सोय केली! तीन आठवड्यांनी बाईंनी डबा माझ्यापुढे उघडला. "भाऊ, ह्या गोळ्या काहून अशा झाल्या जी?" कागदाला विटकरी डाग पडले होते, गोळ्या मऊ होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. क्षयाचे काम पाहणाऱ्या बहिणींनी त्या पुड्या पाहिल्या आणि मला चार शब्द सुनावले, ते योग्यच होते. पुढे बाईंचे औषध लांबले. ते त्या पुड्यांमुळेच लांबले असे कोणी म्हटले नाही. तसे नव्हतेच असेही कोणी मला सांगितले नाही. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

आता पाहा. ज्या बाई रोज हजार विड्या वळतात त्यांना ओलावा कळत नाही असे थोडेच आहे? तेंदूचे पान फडावर वाळते. वाळलेले पान तसेच कातरावयास घेतले तर फुटते, म्हणून ते आधी भिजवावे लागते. फार भिजले तर बुरशी धरते. वळलेली विडी भट्टीत शेकावी लागते, नाही तर गठ्ठ्यात नासते. धान आधारभूत केंद्रावर नेले तर आधी यंत्र लावून ओलावा पाहतात, आणि तो सतरा टक्क्यांच्या वर गेला की गाडी माघारी. ओल, ऊन आणि काळ यांचे मालाशी काय नाते असते हे या भागातील माणसाला कोणी शिकवावयास नको. औषध हाही माल आहे, तोही याच तिघांच्या तावडीत आहे, एवढे मात्र मला सुचले नव्हते.

औषध बिघडते म्हणजे काय होते? अन्न नासते तेव्हा त्यात बहुधा जीवजंतू वाढतात. गोळी नासते तेव्हा पुष्कळदा जंतूंचा काही संबंध नसतो. औषधाचा रेणूच तुटतो. सर्वांच्या ओळखीचे उदाहरण ॲस्पिरिनचे. हे औषध जर्मनीत १८९७ साली शुद्ध स्वरूपात तयार झाले आणि १८९९ मध्ये बाजारात आले. सॅलिसिलिक आम्ल पोटाला फार झोंबे, म्हणून त्याला ॲसेटिक आम्लाचा तुकडा जोडून ते सौम्य केले, असे थोडक्यात समजावे. हा जोड पाण्याने सुटतो. हवेतील ओल गोळीत शिरली की हळूहळू ॲस्पिरिनचे पुन्हा सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल होऊ लागते. ॲसेटिक आम्ल म्हणजे शिरक्यातले आम्ल. जुन्या ॲस्पिरिनची बाटली उघडली की आंबट वास येतो तो याचा. तेथे निदान नाक तरी सावध करते. पुष्कळ औषधे तुटतात तेव्हा वासही येत नाही आणि रंगही बदलत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. कोणी पाण्याने तुटते, कोणी हवेतील प्राणवायूने, कोणी उजेडाने. काही औषधे तपकिरी काचेच्या बाटलीत देतात ती उजेड अडविण्यासाठी. दुकानदाराच्या आवडीचा तेथे प्रश्न नसतो.

येथे एक गोष्ट वेगळी काढून ठेवली पाहिजे, कारण औषधाने माणसे दगावली म्हणजे आपण सारे एकाच टोपलीत टाकतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या आरंभी चौदा रुग्ण गेले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. आपल्या शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक लहान मुले गेली, त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते. तेथेही विष तेच. ही औषधे काळाने बिघडलेली नव्हती, जन्मतःच विषारी होती. तो गुन्हा निराळा आणि त्याची परीक्षाही निराळी. मी बोलतो आहे ते कारखान्यातून चांगल्या निघालेल्या आणि वाटेत, गोदामात किंवा आपल्या डब्यात मेलेल्या औषधाबद्दल. त्याची बातमी वर्तमानपत्रात येत नाही. रोगी बरा झाला नाही, एवढेच होते. आणि तो का बरा झाला नाही हे कोणी शोधीत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न प्रथम सरकारदरबारी आला तो विलायती औषधांच्या निमित्ताने. पहिल्या महायुद्धानंतर बाहेरून येणाऱ्या आणि येथे बनणाऱ्या औषधांचा बाजार वाढला, त्याबरोबर लबाडीही वाढली. हिवतापाने खंगलेल्या मुलखात निकस क्विनीन विकले जात होते. सन १९२७ च्या मार्चमध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये औषधांवर कायद्याचे नियंत्रण आणावे असा ठराव आला. तो मांडणारे सर हरून जाफर हे पुण्याचे. पुढे १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९३१ मध्ये निघाला. हे चोप्रा कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. भेसळीच्या पलीकडचा एक प्रश्न त्यांना तेथेच भेटला होता. इंग्लंडात तयार झालेला डिजिटॅलिसचा अर्क हृदयविकारावर देत, आणि राय या धान्याच्या दाण्यावरील बुरशीपासून काढलेला अर्गटचा अर्क बाळंतिणीचा रक्तस्राव थांबविण्यासाठी देत. बाटली खरी, कंपनी खरी, भेसळ नाही. तरी बोट समुद्र ओलांडून आली आणि बाटली कलकत्त्याच्या उन्हाळ्यात पडली की आतील अर्काचा जोर उतरे. त्या काळी असा जोर मोजावयाचा म्हणजे बेडूक किंवा मांजर यांच्यावर प्रयोग करावा लागे. रसायनाने मोजण्याची सोय नव्हती. बाटलीवरचे प्रमाण पाहून डॉक्टर थेंब मोजी आणि रोग्याच्या अंगात त्याहून कमी औषध जाई.

मला या गोष्टीचे फार मोल वाटते. थंड देशात ठरविलेले प्रमाण उष्ण देशात तसेच खरे राहत नाही, हे येथल्या प्रयोगशाळेत दिसून आले. पुढे १९३७ साली कलकत्त्यात औषधे तपासण्याची सरकारी प्रयोगशाळा निघाली, १९४० मध्ये औषधांचा कायदा झाला आणि १९४५ मध्ये त्याची नियमावली. त्या नियमावलीतील 'पी' या परिशिष्टात कोणते औषध किती महिने जगेल आणि कसे ठेवावे याची यादी आहे. यादीत नसलेल्या औषधाला पाच वर्षांहून अधिक मुदत छापता येत नाही. पाकिटावरच्या तारखेमागे उभा असलेला हा कायदा.

स्वातंत्र्यानंतर औषध येथेच बनवावयाचे ठरले तेव्हा हाच प्रश्न कारखान्याच्या आत आला. पुण्याजवळ पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्यास मदत होती आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलीन निघू लागले. पेनिसिलीन हे मोठे नाजूक औषध. त्याच्या रेणूच्या मध्यभागी चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. जंतू मरतात ते या कड्याच्या जोरावर, आणि पाणी लागले की उघडते तेही हेच कडे. ताकद आणि दुबळेपणा एकाच ठिकाणी. म्हणूनच आरंभीच्या काळात ते बर्फात जपावे लागे. पुढे त्याचे शुद्ध स्फटिक करून अगदी कोरड्या भुकटीच्या रूपात रबरी बुचाच्या कुपीत बंद करण्याची रीत बसली, आणि तीच भुकटी साध्या कपाटातही वर्षानुवर्षे टिकू लागली. टोचावयाच्या वेळी त्यात पाणी घालावयाचे. एकदा पाणी घातले की मग शीतपेटीतही आठवडाभरापलीकडे भरवसा नाही. पिंपरीला येणारे पाहुणे मोठमोठ्या टाक्या पाहून थक्क होत असतील. मला विचाराल तर कुपी भरण्याच्या खोलीतील कोरडी हवा अधिक महत्त्वाची. भुकटी भरताना खोलीत ओल राहिली तर टाक्यांत केलेली सारी मेहनत कुपीत वाया जाते. त्या खोलीत तोंडाला फडके बांधून, घाम येऊ न देता पाळी भरणारा जो कामगार, त्याच्या हातावर औषधाचे आयुष्य अवलंबून असते. त्याचे नाव कोणत्याही पाकिटावर छापलेले नसते.

आतापर्यंत जे सांगितले त्यात बिघडलेले औषध म्हणजे कमजोर औषध एवढाच अर्थ होता. सन १९६३ मध्ये त्याहून वाईट गोष्ट उघड झाली. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदविले की ज्यांनी जुने झालेले टेट्रासायक्लिन घेतले होते आणि ज्यांच्या मूत्रपिंडांचे काम बिघडले होते. साखर, आम्ले, क्षार असे जे शरीराने राखावयाचे ते लघवीवाटे वाहून जात होते. टेट्रासायक्लिन ऊन व ओल यांनी तुटते तेव्हा त्याचे जे तुकडे होतात त्यांतील एक मूत्रपिंडाला बाधक ठरला. आणि गंमत अशी की, औषधाबरोबर कॅप्सूलमध्ये सोबतीला घातलेले लिंबाचे आम्ल या मोडतोडीस मदत करी. पुढे ते काढून टाकण्यात आले. सुदैवाने औषध बंद केल्यावर रोगी सुधारले. पण तेव्हापासून औषधाच्या परीक्षेत एक नवा प्रश्न आला. किती औषध उरले हे तर विचारावयाचेच, शिवाय गेले त्याचे काय झाले हेही विचारावयाचे. गोदामातून हजार पोती कमी भरली तर किती कमी एवढे पुरत नाही. ती कोठे गेली हेही पाहावे लागते, तसेच हे.

हे पाहावयाचे कसे? दोन वर्षे टिकेल असे लिहावयाचे तर दोन वर्षे वाट पाहिली पाहिजे; तोवर रोगी थांबत नाही आणि मालकही थांबत नाही. येथे स्वीडनचा रसायनज्ञ स्वांटे अर्‍हेनियस उपयोगी पडला. उष्णता वाढली की रासायनिक क्रिया किती वेगाने वाढते याचा हिशेब त्याने १८८९ मध्ये मांडला. ढोबळ नियम असा की, दहा अंश उष्णता वाढली की मोडतोडीचा वेग दुप्पट किंवा त्याहून थोडा अधिक होतो. त्यावेळी औषधांचा विचार त्याच्या मनात नव्हता. सन १९५५ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड गॅरेट याने हा हिशेब औषधाला लावून दाखविला: औषध मुद्दाम तापवावयाचे, थोड्या दिवसांत ते किती मोडते ते मोजावयाचे, आणि त्यावरून साध्या हवेत ते किती दिवस तग धरील याचा अंदाज बांधावयाचा. भट्टीत महिना काढलेला माल पाहून कपाटातील वर्षाचे भविष्य सांगावयाचे. ज्योतिषापेक्षा हे बरे, कारण येथे पडताळा पाहावा लागतो. खरी वर्षे खऱ्या कपाटात मोजण्याचे काम बाजूला चालूच ठेवतात.

आजची रीत याच पायावर आहे. नव्या औषधाच्या गोळ्या तिच्या विक्रीच्या पाकिटासह कपाटात ठेवतात. एका कपाटात चाळीस अंश उष्णता आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रता, सहा महिने. दुसऱ्यात साध्या हवेच्या जवळची स्थिती, वर्ष आणि अधिक. ठरल्या महिन्यांनी थोड्या गोळ्या काढून तपासतात: औषध किती उरले, तुकडे किती झाले, गोळी पाण्यात पूर्वीसारखी विरघळते की नाही. बहुतेक औषधांत दहा टक्क्यांपर्यंतची घट ही शेवटची हद्द मानतात. ती हद्द ज्या महिन्यात येईल त्याच्या आतली तारीख छापावयाची. त्याआधी प्रयोगशाळेत औषधाचा मुद्दाम छळ करतात. आम्लात घालतात, अल्कात घालतात, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये घालतात, प्रखर उजेडात ठेवतात. ते कसकसे तुटते हे एकदा कळले की तुटके आणि धड वेगवेगळे मोजणारी पद्धत बसवितात. टिपकागदावर शाई सांडली आणि पाणी लागले की तिचे रंग वेगवेगळे पसरतात, तसे मिश्रणातील पदार्थ वेगळे करण्याची युक्ती रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या आरंभी झाडाच्या पानांतील रंगांसाठी काढली होती. त्याच युक्तीची सुधारलेली यंत्रे आज प्रत्येक औषध कारखान्यात आहेत.

पण साधी हवा म्हणजे कोणाची हवा? लंडनची की कामठ्याची? हा प्रश्न जगाने उशिरा विचारला. शूमाखर याने १९७२ मध्ये आणि नंतर ग्रिम याने जगाचे हवामानानुसार चार पट्टे पाडले: समशीतोष्ण, भूमध्य सागराकडचा, उष्ण-कोरडा आणि उष्ण-दमट. युरोप, अमेरिका आणि जपान यांनी १९९० मध्ये एकत्र बसून औषधांचे समान नियम करण्यास आरंभ केला आणि १९९३ मध्ये टिकाऊपणाच्या परीक्षेचा पहिला मसुदा ठरला. तो त्यांच्या हवेपुरता, म्हणजे पंचवीस अंश आणि साठ टक्के आर्द्रता एवढ्यावर बेतलेला. आग्नेय आशियातील देशांनी पुढे हट्ट धरला की आमच्याकडे तीस अंश आणि पंचाहत्तर टक्क्यांखाली परीक्षा नको. भारताच्या नियमांतही दीर्घ परीक्षा तीस अंशांवरच सांगितलेली आहे. हा हट्ट मला संघटनेच्या कामातला वाटतो. कामाचे तास, घरभाडे, महागाई या गोष्टी दिल्लीत बसून ठरवू नका, आमच्या गल्लीत येऊन मोजा, असे आम्ही म्हणतो ना, तसाच.

आता माझ्या त्या पुड्यांकडे वळतो. क्षयाच्या गोळीत रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल अशी चार औषधे एकत्र असतात. एकच औषध घेऊन जंतू बळावू नयेत आणि रोग्याने एखादे गाळू नये म्हणून ही एकी; १९९४ पासून जागतिक आरोग्य संघटना अशा गोळ्यांची शिफारस करीत आली आणि आपल्या देशात २०१७ पासून रोज घ्यावयाच्या अशा गोळ्या सरकारतर्फे देण्यात येऊ लागल्या. ही योजना चांगलीच आहे, मी तिच्या विरुद्ध बोलत नाही. पण हे चौघे एका घरात सुखाने नांदत नाहीत. पंजाबात मोहालीला औषधशास्त्राची राष्ट्रीय संस्था आहे. तेथे सरणजित सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालापासून या भांडणाचा कसून अभ्यास केला. आम्लाच्या सान्निध्यात रिफॅम्पिसिन तुटू लागते, आणि त्याच्या तुकड्याशी आयसोनियाझिड जोडले जाते, त्यामुळे तुटणे आणखी वेग घेते. एथॅम्ब्युटॉल हवेतील पाणी ओढून घेते, जसे पावसाळ्यात मीठ घेते. त्याने आणलेल्या ओलीत बाकीची औषधे एकमेकांना भेटतात. म्हणून या गोळीची खरी भिंत तिचे वेष्टन आहे. ओल रोखणारे पाकीट शाबूत तर गोळी शाबूत. आणि मी काय केले होते? ऐन श्रावणात ती भिंत माझ्या हातांनी फाडली होती. प्रयोगशाळेत उघडी गोळी दमट कपाटात ठेवून जो छळ करतात तोच मी पत्र्याच्या डब्यात केला, फरक एवढाच की तो प्रयोग एका आजारी बाईच्या अंगावर चालला होता.

आता कोणी म्हणेल, एवढी भीती कशाला? अमेरिकन सैन्याच्या साठ्यातील औषधे मुदत संपल्यावर तपासली तेव्हा पुष्कळशी चांगली निघाली. ते खरे आहे. तेथे १९८६ पासून अशी तपासणी चालते, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालांत १२२ औषधांच्या तीन हजारांवर घाण्यांपैकी ८८ टक्क्यांची मुदत वाढविता आली. तारीख उलटली की औषध मध्यरात्री विष बनते असे नाही. परंतु ती औषधे मूळ बंद वेष्टनात, राखलेल्या गोदामात होती. त्याच न्यायाने तारीख उरली आहे म्हणून औषध जिवंत आहे असेही नाही. तारीख ही एका अटीवर दिलेली असते, आणि ती अट तारखेच्या शेजारीच छापलेली असते: थंड, कोरड्या जागी ठेवा. कायद्याच्या भाषेत थंड जागा म्हणजे फार तर पंचवीस अंशांची. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळतो. अर्‍हेनियसचा ढोबळ हिशेब लावा: पंचवीस अंशांवर दोन वर्षे टिकणारा माल सतत पंचेचाळीसवर ठेवला तर सहा महिन्यांत तेवढाच मोडेल. अर्थात आपल्याकडेही रात्र होते, पावसाळा आणि हिवाळा येतो, म्हणून हिशेब इतका सरळ नाही. पण दुपारच्या चार तासांची झीज रात्रीच्या गारव्याने भरून येत नाही. तुटलेला रेणू पुन्हा जुळत नाही.

चोप्रांच्या काळातला अर्गटचा प्रश्नही अजून मिटलेला नाही. अर्गटमधून १९३५ मध्ये वेगळे काढलेले एर्गोमेट्रिन उजेड आणि उष्णता दोन्हींना भिते, आणि बाळंतिणीसाठी आज वापरतात ते ऑक्सिटोसिन शीतपेटीत दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. उष्णतेत टिकणारे कार्बेटोसिन नावाचे औषध आता निघाले आहे. तीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेत ते तीन वर्षे तग धरते, आणि २०१८ मध्ये दहा देशांतील जवळजवळ तीस हजार स्त्रियांवरील परीक्षेत ते ऑक्सिटोसिनच्या तोडीचे ठरले. ते गावोगाव पोचेपर्यंत वीज गेलेल्या दुपारी शीतपेटीत काय होते, हे ज्याच्या घरची बाई बाळंत होते त्याने विचारावे.

आमच्या धंद्यात छाट म्हणून एक शब्द आहे. कामगार हजार विड्या घेऊन जातो, त्यांतल्या काही वाईट ठरवून बाजूला काढतात, त्यांची मजुरी मिळत नाही. छाट किती काढावी यावर आम्ही आयुष्यभर भांडलो. म्हणून कायदा वाचताना मी शोधीत होतो की औषधाची छाट काढण्याचा हक्क कोणाला आहे. तो औषध निरीक्षकाला आहे हे ठाऊक होते. पण १९४० च्याच कायद्याच्या २६ व्या कलमात लिहिले आहे की, कोणीही माणूस, किंवा मान्यता असलेली ग्राहक संघटना, फी भरून आपण विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडे तपासावयास देऊ शकते आणि त्याचा अहवाल मागू शकते. वाचून आनंद झाला. मग एक शब्द खटकला: विकत घेतलेले. आमच्या लोकांना औषध मिळते ते मोफत, दवाखान्यातून. मोफत गोळी विकत घेतलेली नसते. ज्याने पैसे मोजले त्याला छाट काढता येते. ज्याला फुकट मिळाली त्याने ती गिळावी, असा या ओळीचा सरळ अर्थ होतो. कायद्याचे जाणकार या सभेत असतील तर मला दुरुस्त करावे, मी आनंदाने दुरुस्त होईन.

तूर्त आम्ही एक लहान गोष्ट केली. ज्या खोलीत आमच्या लोकांची औषधे ठेवतात तिला पत्र्याचे छत आहे आणि कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले आहे. तेथे तापमापक नव्हता. अर्ज केला, उत्तर आले नाही. मग संघाच्या वर्गणीतून एक तापमापक घेतला आणि परवानगी मागून तो कपाटाच्या आत टांगला. रोज दुपारी तीन वाजता त्याचा आकडा वहीत लिहिण्याचे काम त्याच बाईंच्या मुलीने घेतले आहे. ती नववीत आहे. वही मी बरोबर आणली आहे, व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पाहावी. फाल्गुनात आकडा चौतीस-पस्तीसच्या घरात होता. चैत्र लागल्यापासून चाळीसच्या खाली एकही दुपार नाही. कपाट पूर्वेच्या भिंतीला सरकवावे, एवढी मागणी आता वहीसह पाठविली आहे.